एतेल्काबाईंची बिनदिव्याची सायकल

एतेल्काबाई माझ्या शेजारीण. वृद्धाश्रमाच्या कपडेधुलाईत त्यांची उमर गेली आणि माणसांचा भरवसा धरू नये, हे आपण तिथेच शिकलो असं त्या सांगत. पोस्टमन फाटकाशी जरा रेंगाळला तरी त्यांना वाटे, हा काहीतरी हेरतोय.

हिवाळ्यात आमच्याकडे दिवस लवकर बुडतो. तो बुडाला की बाई सायकल काढून कालव्याच्या रस्त्याला लागत. दिवा नाही, अंगात काळा कोट, डोक्याला काळा रुमाल. खरं कारण त्यांनी मला शपथ घालून सांगितलं होतं. कालव्यापलीकडे त्यांची बहीण बोरिश्का राहते. जमिनीच्या वाटणीवरून बाईंच्या नवऱ्याने त्या घराशी संबंध तोडले होते. तो वारला, तरी बाई चोरूनच जात राहिल्या.

एका रविवारी त्यांच्या मुलाने, गेलेर्तने, सायकलीला मागे लाल दिवा बसवला, मडगार्डवर चकाकत्या पट्ट्या चिकटवल्या, चाकांच्या तारांत रिफ्लेक्टर अडकवले. सून हाय्नाल्काने झगझगीत पिवळं जाकीट आणलं. बाई तडक माझ्याकडे येऊन बसल्या.

"हे सगळं सुनेचं डोकं," त्या म्हणाल्या. "मी कुठे वळते ते तिला खिडकीत बसून बघायचंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरीने पट्ट्या खरवडल्या, दिवा काढला आणि जाकीट कोंबड्यांच्या खुराड्यात कोंबलं.

त्याच आठवड्यात धुकं दाटलं होतं. गेलेर्त कारखान्यातून घरी येत होता. गाडीसमोर अगदी ऐनवेळी काहीतरी काळं हललं. त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी चरात उतरली. बाई सायकलसकट गवतात पडल्या, गुडघे सोलवटले. उठल्या त्या विचारतच, "माझ्या मागावर होतास ना?"

गेलेर्त धावत त्यांच्यापाशी आला होता. "कामावरून येतोय, आई. तू मला दिसलीच नाहीस गं." तो तिथेच गवतात बसला आणि रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "मावशीकडेच निघालीस ना? जा की. सगळ्या गावाला ठाऊक आहे. बाबांनाही होतं."

बाईंनी त्या दिवशी सायकल हातात धरून उरलेली वाट चालत काढली.

पुढे त्यांनी स्वतःच मुलाला दिवा परत लावायला सांगितला. खुराड्यातलं जाकीट धुऊन काढलं आणि सुनेकडून कोटाच्या बाह्यांवरही पट्ट्या शिवून घेतल्या. आता माझ्या खिडकीतून तो लाल ठिपका पार कालव्याच्या पुलापर्यंत दिसतो.

माझ्याकडे मात्र त्या येईनाशा झाल्या. एकदा फाटकाशी थांबल्या, पण सायकलीवरून उतरल्या नाहीत.

"आमच्या ह्यांना कुणी सांगितलं असेल गं?"

मी नाही सांगितलं, म्हटलं. ते खरंच होतं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि निघून गेल्या.