रंजनाले सांगतलेली क्षांती

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, विहारात तर नाहीच नाही. तुमच्याजवळ बोलून राह्यलो, कारण — जाऊ द्या, कारण कायले सांगू?

दारव्ह्यात आमच्या विहारात दर पौर्णिमेले मी धम्म समजावून सांगतो. रिटायर मास्तर, आवाज खणखणीत. चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता — विचारा कोणतंही. लोक म्हणतात, गुरुजींसारखं सोपं करून कोणी सांगत नाही. हे ऐकलं का मले माह्याच तोंडाची शिसारी येते.

रंजना माही लहान बहीण. घाटंजीकडं देली होती. नवरा हात उचलायचा — मले माहीत नव्हतं असं म्हणू? माहीत होतं. लग्नाकार्यात भेटली का बांगड्यांच्या वर निळे डाग दिसत. मी तिकडं पाहत नव्हतो, बस.

एका सकाळी पहिल्याच जीपनं आली, पिशवी घेऊन. गाल सुजलेला, कानातून पाणी गळून राह्यलं होतं. म्हणे, आता वापस जात नाही. अन् माह्या घरी दुसऱ्याच दिवशी पोरीले पाहाले पाहुणे येणार होते. नवऱ्याले सोडून आलेली आत्या त्यायले घरात दिसली तर? बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर निदान तिच्यावर ढकलता आलं असतं.

मी रंजनाले चहा देला, समोर बसवलं अन् — थू! — प्रवचन सुरू केलं. दुःख आहे, हे पहिलं सत्य. त्याचं मूळ तृष्णा; तुले सुखाची हाव आहे म्हणून तुले इतकं लागते. अन् क्षांती, म्हणजे सहनशीलता, ही पारमिता आहे, अंगी बाणवा लागते. कानाचा डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होता. तिकडं नेलं नाही. क्षांती समजावली!

तिनं शाळेतल्या पोरीसारखं सारं ऐकलं. मंग विचारलं, "दादा, मार खानं बी त्यातच येते का?"

आठ दिवस आधीच मी विहारात शिकवलं होतं — क्षांती म्हणजे द्वेषाले द्वेषानं उत्तर न देणं. अन्याय सोसत बसा, असा तिचा अर्थ नाही. फळ्यावर लिहून देलं होतं, माह्या हातानं.

"हो," म्हटलं मी. "येते."

दुपारच्या जीपमंधी मीच बसवून देलं तिले. पोरीची सोयरिक जमली. रंजनाचा डावा कान कायमचा गेला.

नवरा मेल्यावर ती दारव्ह्यातच राहाले आली. दर पौर्णिमेले पांढरं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसते, उजवा कान माह्याकडं करून. बायकांले सांगते, दादानं समजावलं म्हणून माहा संसार टिकला. मी ऐकतो — अन् लगेच सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतो. खोटं न बोलण्याचं शील म्हणताना माहाच आवाज सगळ्यात मोठा असते. किळस येते का तुम्हाले? येऊ द्या.

मागच्या पौर्णिमेले आमच्याच गल्लीतली एक नवी सून विहारात रडत बसली होती. ओठ फुटलेला. रंजनानं तिले जवळ घेतलं अन् माहेच शब्द — दुःख, तृष्णा, क्षांती — जसेच्या तसे तिले सांगतले. मंग माह्याकडं पाहून म्हणाली, "हो ना, दादा?"

मी मान हलवली. पोरगी उठली, डोळे पुसले, चपला घातल्या अन् घरी गेली.