झाडूवर हनुवटी टेकणारी बाई

कॅन्सरमुळे आमच्या बंड्याचा, म्हणजे कुत्र्याचा, मागचा पाय कापावा लागला. टाके निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता त्याला चालू द्या. मी मात्र गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीच्या बागेत त्याला रोज उचलूनच फिरवायचो आणि स्वतःला मोठा त्यागी समजायचो. तिथली झाडणारी बाई झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकवून आमच्याकडे बघत राहायची. एकदा तिने शांतपणे विचारलं, "भैया, टाँग तो इसकी गई है, हिम्मत आपकी क्यों चली गई?"

ओशाळून मी बंड्याला खाली ठेवलं. तो कोलमडला, उठला आणि तीन पायांवर उड्या मारत थेट तिच्याकडे गेला. तिने त्याचं डोकं कुरवाळलं आणि पुन्हा झाडायला लागली.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "मी त्याला चालायला शिकवलं."