जयसिंगपूरच्या शूटिंगवाल्याची मुलाखत

ब्लॉग लिहितो म्हटलं की आमच्याकडं लोक विचारायचे, "म्हंजे नेमकं काय करतोस?" सांगितलं की पुढचा प्रश्न, "आनी वाचतंय कोन?" आठवडाभर कागलच्या एमआयडीसीत लोखंडी कास्टिंगची मापं तपासायची आणि रविवारी सकाळी खोलीचं दार लावून कॉम्प्युटरपुढं बसायचं, असं माझं त्या वर्षांत चाललं होतं. कुणा निर्मात्याशिवाय, स्वतःच्या हिमतीवर सिनेमा करणारी माणसं गावोगावी शोधायची आणि त्यांच्यावर लिहायचं. पानाखाली वाचकांचा आकडा दिसायचा. तो वाढला की बरं वाटायचं. मग आठवायचं, मघापासून मीच तीनदा पान उघडलंय.

कोल्हापुरात सिनेमावर बोलायला माणूस मिळत नाही असं म्हटलं तर लोक मारायला धावतील. कट्ट्यावर बसा, जुन्या स्टुडिओच्या गोष्टी संपता संपत नाहीत. कुणाच्या आजोबानं सेट रंगवलेला, कुणाच्या घोड्यावर नट बसलेला. पण शेजारच्या तालुक्यात आज एकजण सिनेमा करतोय म्हणून सांगा, लगेच "सोड की मर्दा." लई राग यायचा मला. त्या रागापायी मी कट्ट्यावर जायचं सोडलं आणि एकटा पडलो.

वाचत नाहीत तर ऐकतील तरी, म्हणून पॉडकास्ट करायचं ठरवलं. मुलाखत रेकॉर्ड करायची, ब्लॉगवर टाकायची, ज्याला पाहिजे त्यानं पाहिजे तेव्हा ऐकावी. पहिला माणूस जयसिंगपूरचा, माझ्याच वयाचा, लग्नाचं शूटिंग करणारा. लग्नसराई संपली की त्याच कॅमेऱ्यावर, तीन वर्षं खपून, त्यानं तासाभराचा सिनेमा केला होता. शिरोळकडं पूर ओसरल्यावर एक बाई आपल्या घरात परत येते आणि घर धुऊन काढते, एवढंच. संपल्या संपल्या मी तो परत पहिल्यापासून बघितला. असा माणूस एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर राहतोय आणि मी इथं भिंतीशी बोलतोय, असं वाटलं. हा आपला दोस्त व्हायला पाहिजे, असं फार वाटलं.

त्याला प्रसिद्धीचं काही पडलं नव्हतं. त्याच्या आईचे डोळे साखरेनं गेले होते. पोरानं तीन वर्षं वाया घालवली असं गल्लीनं तिच्या डोक्यात भरवलेलं, आणि तिला सिनेमा दाखवायचा तरी कसा? "घरात सांगाय लागलो की भांडनच होतंय," तो म्हणाला. "तुमी इचारा, मी बोलतो. आईला एकदा कळू दे, मी काय करत होतो."

तो आला आणि तासभर बोलला. भिंतीवरची पाण्याची रेघ, चिखलात रुतलेला पाटा, कॅमेरा कुठं ठेवायचा म्हणून घातलेला घोळ. झकास बोलला. आणि मी काय केलं? हेडफोन लावून ऐकताना मला लाज वाटली. त्याचं हाय, न्हाय, गेलतो. मधेच गडगडून हसणं. पुण्यामुंबईची माणसं ऐकतील, गावंढळ म्हणतील. आम्ही रस्त्यात कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण माइक पुढं आला की शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेला उभं राहिल्यासारखे होतो. मी त्याची उत्तरं वहीत शुद्ध मराठीत लिहून काढली, पुढच्या रविवारी त्याला परत बोलावलं आणि वाचायला लावली. "असं बोलतंय व्हय कोन?" तो म्हणाला. पण माझा मान ठेवून वाचलं त्यानं. कॉम्प्युटरात जागा नव्हती म्हणून आधीचं रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं.

त्याच्या घरी नेट नव्हतं. मग तो आईलाच घेऊन आला. ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती ती. मी तिला कॉटवर बसवलं, स्पीकर जवळ ओढले. आधी माझा आवाज, मग त्याचा. "सदर चित्रपटाच्या माध्यमातून मी पूरग्रस्त स्त्रीच्या भावविश्वाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे." ती मान पुढं करून, मन लावून ऐकत होती. दहाएक मिनिटांनी तिनं माझ्या दिशेला तोंड वळवलं आणि अगदी अदबीनं म्हणाली, "ह्या पावण्यांचं झालं असंल, तर आता माझ्या पोराला बोलू द्या की."

"आई, त्यो मीच हाय," तो म्हणाला.

"व्हय?" ती म्हणाली, आणि उरलेलं सगळं तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

चहा झाला. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो. गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "त्या बाईनं घर धुतलं म्हनं. एकटीनंच?"

"मग काय," तो म्हणाला, आणि सुरू झाला. हातवारे करत, हसत, आपल्या बोलण्यात. ती मधे मधे विचारत होती. एकदा तिनं त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "आनी मला एवढं सांगितलं न्हाईस व्हय रं?" भांडण झालंच नाही. मी त्यांची पिशवी धरून दोन हात लांब उभा होतो.

एसटी आली तेव्हा पिशवी वर दिली. तो परत कधी आला नाही. त्याचं काम झालं होतं, त्याला आता माझी गरज नव्हती. मला त्याची होती, हे मी त्याला सांगितलंच नाही.