ऑइलवर मारलेला ड्यूको

ती घटना घडली तेव्हा मी पोलीस ठाण्याचा इन्चार्ज होतो. दुष्काळाचं वर्ष होतं. शहर बिडकीनच्या दिशेने पसरत चाललं होतं आणि पैठण रस्त्यावर टँकरची रांग तुटत नव्हती. एका पहाटे मेंढरं घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईला टँकरने उडवलं आणि तो न थांबता निघून गेला. बाई जागीच गेली. घटनास्थळाच्या पंचनाम्यात निळ्या रंगाचे चार पोपडे मिळाले, बाकी काही नाही.

दुपारी खबऱ्याने कळवलं, पाचोडच्या एका ड्रायव्हरच्या निळ्या टँकरचं तोंड नवं कोरं रंगवलंय. संध्याकाळी टँकर ठाण्याच्या आवारात आणि ड्रायव्हर कोठडीत. वरून फोनवर फोन, बाहेर बाईचे नातलग ठाण मांडून बसलेले.

"साहेब, पोरांची आण, मी तिकडं गेलोच नाय," तो सांगत राहिला.

मी शिपायाला मारायचा पट्टा काढायला लावला. आता खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "व्हय, मीच." असली कबुली कोर्टात टिकत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही बाहेर जाऊन छाती फुगवून सांगितलं, आरोपीने कबूल केलंय म्हणून.

तिसऱ्या दिवशी शहरातल्या गॅरेजमधला एक म्हातारा पेंटर आला.

"साब, ती गाडी मी रंगवली. आठ दिवस झाले."

"कुणीही येऊन सांगेल," मी खेकसलो.

"सांगू द्या. पण तो ऑइल पेंट आहे साब. दीड दिवस चिकट राहतो. गाडी पकडली तेव्हा हाताला लागला का?"

मी जप्तीचा पंचनामा काढला. मीच सांगून लिहून घेतलं होतं, 'रंग पूर्ण कोरडा.' मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घाईवाला ऑइल नाय मारणार," म्हातारा म्हणाला. "ड्यूको मारणार, घटकेत वाळतो. पण जुन्या ऑइलवर ड्यूको बसत नाय. त्याचा थिनर खालचा रंग उचलतो, भाजलेल्या चामडीवानी सुरकुत्या पडतात. असं तोंड शोधा."

त्याला सोडायला मी दारापर्यंत गेलो. आवारात आमचीच टाकी भरायला आलेला टँकर उभा होता. रोजचा, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. म्हातारा त्याच्यासमोर थांबला. डाव्या दिव्याखालचा निळा रंग सुरकुतून गेला होता. त्याने नख घातलं, पापुद्रा निघाला. आत ठोकून सरळ केलेला पत्रा.

या टँकरच्या ड्रायव्हरला कुणी बोटही लावलं नाही. तो रडत रडत सगळं सांगून मोकळा झाला.

पाचोडच्या माणसाला सोडलं तेव्हा त्याला धड चालता येत नव्हतं. "चूक झाली," मी कसंबसं म्हणालो.

त्याने हात जोडले. "साहेब, मी खुनी हाय असं गावभर झालंय. माझ्या बायकूला कुणी टँकरच्या लायनीत उभं राहू देईना. बाजाराच्या दिवशी पाचोडला या, अन् समद्यांदेखत सांगा, हा नव्हता म्हणून."

"येतो," मी म्हणालो.

या केसने मला शिकवलं, माणसाला हात लावण्याआधी आपलाच कागद नीट वाचावा. पुढे उभ्या नोकरीत मी ते पाळलं. पाचोडच्या बाजाराला मात्र गेलो नाही. लाज वाटली, दुसरं काय! एका शिपायाला पाठवून दिलं.