भिंतीवरचा तेलाचा पट्टा

सरकारी रुग्णालयातल्या त्या खोलीत, भिंतीवर, डोक्याच्या उंचीला खोबरेल तेलाचा काळपट पट्टा उमटला होता. टाचा आणि पाठ भिंतीला लावायची, डोकं मागे टेकवायचं. टेकलं, की तुम्ही धडधाकट. माझं टेकलं. मागे गार, चिकट लागलं. आधी टेकलेली सगळी डोकी माझ्या केसांत शिरल्यासारखं वाटून अंगावर काटा आला.

"पण डॉक्टर, पहाटे मला कूस बदलता येत नाही," मी म्हणाले. मणक्यांचे सांधे सुजण्याचा माझा आजार तेव्हा ऐन भरात होता.

"एक्स-रेत फारसं काही नाही. वेदना मोजायचं यंत्र नाही आमच्याकडे, बाई. अपंगत्वाचे चाळीस टक्के भरले की या."

जसं काही दूध संपलं होतं, उद्या या.

बसून बसून पाठ धरायची, त्यात खराडीतली नोकरी सुटली होती. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तरच सरकारी राखीव जागेसाठी अर्ज करता येणार होता. घरात मी आणि आई, आणि माझं वय निघून चाललेलं.

रोज पहाटे माझ्याआधी माझ्या पाठीत कुणीतरी जागं व्हायचं. आई तेल चोळून त्याला निजवायची. अशी वर्षं गेली. मग एका पहाटे मला जाग आली, तर पाठीत कुणीच नव्हतं. मी घाबरून तशीच पडून राहिले. आईने तेल लावायला घेतलं आणि तिचा हात मध्येच थांबला.

"अगं, मणके वेगळे लागतच नाहीत हाताला," ती म्हणाली.

पुन्हा त्याच भिंतीशी उभी राहिले. डोकं मागे नेलं, पण ते पट्ट्यापर्यंत पोहोचेना. मधल्या फटीत डॉक्टरांचा पंजा सहज मावला.

"कुठे दुखतं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "आता कुठेच नाही," मी म्हणाले. गेलं प्रमाणपत्र, असंच वाटलं.

"बरोबर आहे. मणके जुळून एकच हाड झालंय. हलतच नाही, तर दुखणार काय? भरले तुमचे टक्के."

बाहेर आले. मागून आईने विचारलं, "मिळालं का गं?" मान वळेना, म्हणून पावलं टाकत अख्खी वळले. "मिळालं," म्हटलं आणि रडू कोसळलं. मान खाली घालायला गेले, तर तेही जमेना. रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी त्यांच्याकडे बघतच रडत होते.