रविवारच्या सकाळची फायनल

"सांगायचं नाय हां कोणी!"

खालच्या पायरीवरूनच तो ओरडायचा. मग दोन्ही हात वर, कानात कापूस आणि नजर स्वतःच्या चपलांवर, अशा अवतारात जिना चढून आमच्या गॅलरीत यायचा. नवख्या माणसाला वाटावं, याला पोलिसांनी धरून आणलंय. नायगावच्या आमच्या चाळीत हा सोहळा वर्षातून एकदा व्हायचा. तिकडे युरोपात क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल झाली, की इकडे दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी.

तुमच्याही ओळखीत क्रिकेट सोडून भलत्याच खेळाचं वेड लागलेला एखादा असेल. आमच्याकडे हा होता. पाणीखात्यात चावीवाला. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, वाकून पुरुषभर उंचीची चावी फिरवायची, या गल्लीचं पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं, हे त्याचं काम. पाळी कायम रात्रीची. फायनल आपल्याकडे नेमकी त्याच वेळी लागते, त्यामुळे ती त्याला कधीच बघता आली नाही.

"एक रात्र रजा टाक ना," मी म्हणायचो.

"आणि सकाळी तू अंघोळ कशानं करणार? सोडावॉटरनं?"

मग त्यानं स्वतःपुरता तोडगा काढला होता. रविवारी सकाळी तीच मॅच टीव्हीवर पुन्हा दाखवतात. ती बघायची, आणि ती आत्ताच चालली आहे असं मानून बघायची. त्यासाठी निकाल कानावर पडता कामा नये, एवढीच अट. ही अट त्याची होती, पण पाळायची आम्ही सगळ्यांनी.

एका वर्षी कोपऱ्यातल्या खोलीतले गुरुजी, ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, जिन्यात त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन हो! तुमचे ते लाल शर्टवाले जिंकले म्हणे." गुरुजींचा हेतू चांगलाच होता. हा मात्र दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मॅचही लावली नाही. त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, गुरुजींकडे मुद्दाम घावणे पाठवले, पण ताटली ठेवताना जरा आवाजच केला. तेव्हापासून त्या सकाळी आमच्या मजल्यावर पेपरचं शेवटचं पान कोणी बाहेर उलगडत नसे आणि पोरांना तंबी असे.

पण त्याला तोंडं वाचता यायची, ही खरी पंचाईत. कोणी नुसतं हसलं तरी तो कपाळाला हात लावायचा. "गेला! याच्या थोबाडावर टू-वन लिहिलंय!" त्यामुळे तो येण्याआधी आम्ही गॅलरीत उभे राहून चेहरे कोरे करायचो. हसू नाही, दुःख नाही, काही नाही. प्रौढ माणसं आम्ही, नोकऱ्या करणारे, आणि रांगेनं भिंतीसारखी तोंडं करून उभे. आता सांगताना हसू येतं.

यात सगळ्यांचा बाप म्हणजे त्याचा मोठा भाऊ. आम्ही सगळेच त्याला भाऊ म्हणायचो. तो डिलाईल रोडला राहायचा. तरुणपणी गिरणीच्या टीमकडून खेळलेला, धाकट्याला फुटबॉल त्यानंच लावला. भाऊ रात्री जागून फायनल बघायचा आणि सकाळी पुन्हा धाकट्याच्या शेजारी येऊन बसायचा. निकाल पोटात, हातात कांदेपोह्यांची बशी. आपल्याच टीमचा गोल होणार हे माहीत असायचं, तरी गोल झाला की खुर्चीवरून असा उडायचा, की पोहे आमच्या अंगावर. मी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, रात्री खरंच बघितलीस का रे?" तर म्हणाला, "बघितली. पण त्याच्याबरोबर कुठे बघितली?"

शेवटची तजवीज मोबाईलची. फायनलच्या संध्याकाळी तो आपला फोन माझ्याकडे ठेवून कामावर जायचा. वहिनींकडे नाही, कारण वहिनींचा विरारचा भाऊ हटकून फोन करून स्कोअर सांगायचा आणि तो त्यांच्या पोटात राहत नसे. रात्रभर ती वस्तू माझ्या उशाशी घुरघुरत पडायची. मी ढुंकून बघायचो नाही.

आता ती चाळ नाही. तिथे टॉवर उभा राहिलाय आणि आम्ही चार दिशांना आहोत. तो निवृत्त होऊन गावी गेला. त्या चाळीतल्या शेवटच्या फायनलबद्दल आम्ही आपसात बोलत नाही. मी आज पहिल्यांदा सांगतोय.

त्या वर्षी भाऊ परळच्या एका हॉस्पिटलात होता. छातीचं दुखणं, पण उतार पडला होता, घरी सोडायची भाषा सुरू झाली होती. फोन देताना हा म्हणाला, "हॉस्पिटलातून आला तर उचल. बाकी कोणाचा उचलू नको." जाताना पुढे म्हणाला, "भाऊ पोराच्या मोबाईलवर मॅच बघणार बघ. डॉक्टरला गुंडाळलं असणार त्यानं."

फोन पहाटे आला. भाऊचा मुलगा होता, रात्री तोच सोबतीला थांबला होता. "काका?" म्हणाला. मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा गेले." मॅच पूर्ण बघितली, पाणी मागितलं, झोपले. नर्स तपासायला आली तेव्हा संपलं होतं. कागदपत्रं व्हायला वेळ लागेल, काकांना दमानं घेऊन या, असं तोच मला समजावत होता.

हा त्या वेळी कुठल्या गल्लीत, कुठल्या झाकणापाशी वाकलेला असेल, कोणाला ठाऊक. आणि त्याला गाठायचं एकमेव साधन माझ्या हातात होतं. मी वहिनींचं दार वाजवलं. काय झालं ते सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आधी चाय पिवंदेत. रातभर उभे आसत. मगे मी सांगतंय."

तेवढ्यात खालून आरोळी आलीच. "सांगायचं नाय हां कोणी!"

बातमी मजल्यावर पसरली होती. सगळे गॅलरीत उभे होते. कोणाला पुढे व्हायचं धैर्य नव्हतं, आणि मागे फिरायचंही नव्हतं. तो हात वर करून आला. दर वर्षी चपलांवर असणारी त्याची नजर आमच्यावरून सरकली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आणि तो खूश होऊन म्हणाला, "वा! यंदा बरं जमलंय तुम्हाला. काय म्हणता काय कळत नाय."

मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. वाईटसुद्धा नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं काहीसं झालं होतं.

त्यानं चहा घेतला, वर दुसरा कप मागितला, आणि कपासकट टीव्हीसमोर बसला. वहिनी सांगायला म्हणून दोनदा बाहेर आल्या आणि दोनदा आत गेल्या. मी त्याच्या शेजारी भाऊच्या जागेवर बसलो, कारण त्यानंच खुर्ची ओढून दिली. मॅच सुरू झाली. लाल शर्टवाले पहिल्यापासून ढेपाळलेले. समोरच्यांनी गोल केला तेव्हा त्यानं स्वतःच्या मांडीवर बुक्की मारली. "दुपारी जातो मी भाऊकडे. आज त्याला बोलायला लावतो. डिफेन्सला झोपा काढायला पाठवलंय काय?" मी हो म्हणालो. चेंडू मला दिसत होता, पण तो कुठून कुठे चाललाय ते कळत नव्हतं.

हाफटाईमच्या जाहिराती लागल्या. वहिनी आल्या, टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"भावोजी गेले," त्या म्हणाल्या. "पहाटे. झोपेत."

त्यानं कानातला कापूस काढला. आधी एका कानातला, मग दुसऱ्या. कापसातून नीट ऐकू आलं होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, तरी काढला.

"पोरगा होता जवळ?"

"होता."

"फोन तुझ्याकडे आला?" त्यानं मला विचारलं. मी मान हलवली. तो उघड्या दारातून गॅलरीकडे बघत राहिला. लोक अजून तिथेच होते. रागावला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. तो रागावला नाही.

"कधी देणार म्हणाले?"

"अजून वेळ आहे. कागदपत्रं चाललीयेत."

"मग आता काय करायचं?" हा प्रश्न त्यानं कोणाला विचारला, मला अजून कळलेलं नाही. मग त्यानं विचारलं, "भाऊनं मॅच बघितली?"

"पूर्ण बघितली."

तेवढ्यात पडद्यावर खेळाडू परत मैदानात उतरले. तो उठला नाही. आम्हीही उठलो नाही. आवाज बंद ठेवून आम्ही तिघांनी दुसरा हाफ बघितला. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा मॅच बघितली ती ही. लाल शर्टवाल्यांनी बरोबरी केली, आणि अगदी शेवटी आणखी एक गोल करून कप जिंकला. पडद्यावर हजारो माणसं तोंड उघडून नाचत होती. इकडे खोलीत पंख्याचा आवाज होता. त्यानं टीव्ही बंद केला, तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि म्हणाला, "चल."

हॉस्पिटलात भाऊला वॉर्डाच्या टोकाला, पडद्याआड ठेवलं होतं. पुतण्या याच्या गळ्यात पडून रडला, वहिनीही रडल्या. हा रडला नाही. त्यानं भाऊच्या तोंडावरची चादर बाजूला केली, स्टूल ओढून घेतलं आणि उशीजवळ वाकून बोलायला लागला. आवाज अगदी हळू, पण मला ऐकू येत होतं. तो भाऊला मॅच सांगत होता. सुरुवातीला आपण कसे ढेपाळलो. त्यांना गोल कसा फुकट दिला. मग आपला कोण कुठून पळत आला, कोणी पास दिला, गोलकीपर कुठल्या बाजूला पडला. भाऊनं आदल्या रात्री बघितलेलं सगळं, क्रमानं, काही न गाळता.

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगू लागला. मी त्याला हातानं थांबवलं. आपला दुसरा गोल अजून व्हायचा होता.