मगर बघायला नेलेली दुर्बीण

माझ्या दुर्बिणीमुळे ऋतुजाचं लग्न मोडलं, असं माझे धाकटे दीर दिनकरराव भेटेल त्याला सांगत सुटले आहेत. परवा भाजीवालीनेही मेथीची जुडी हातात ठेवत मला तेच विचारलं. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना कृष्णेत मगरी बघायला जायचं असेल, त्यांना रस्त्याची माहितीही यातच मिळेल.

सांगली जिल्ह्यात नदीतून मगरी दाखवणारी बोट सुरू झाल्याचं कळलं. जाहिरातीत तिला ‘क्रूझ’ म्हटलं होतं. बी.एस्सी.ला माझं प्राणिशास्त्र होतं. त्याचा पुढे झुरळं मारण्यापलीकडे उपयोग झाला नाही. तेव्हा जायचं ठरवलं, आणि तेही एकटीने. पण चिमणी-साळुंकीतला फरक न कळणारे दिनकरराव एकदम म्हणाले, “वहिनी, आमीपण येतो. दुर्बीण घ्या बरं का, इसरू नका.” मला तिथेच शंका यायला हवी होती. सोबत त्यांचे मेहुणे आप्पा आले आणि दिनकररावांची मुलगी ऋतुजा. ती साताऱ्यात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते.

साताऱ्याहून पहाटे निघा. हायवेचं काम चालू आहे. ते कधी संपेल हे विचारू नका. कराडला मिसळ खाऊन पलूसच्या रस्त्याला लागा. तिथून पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागून जायची तयारी ठेवा.

मिसळीवर खरं बाहेर आलं. ऋतुजाला स्थळ आलं होतं, मुलाचा फोटो दिनकररावांनी तिथेच सगळ्यांना दाखवला, आणि मुलाचं शेत नेमकं बोटीच्या वाटेवर होतं.

“रविवारी बघायचा कार्यक्रम हाय,” दिनकरराव म्हणाले. “त्याआधी जमीन नजरंखालनं गेलेली बरी. सात-बारावर काय, कायबी असतंय.”

“मग सरळ शेतात जाऊन बघा की,” मी म्हटलं.

“आवं वहिनी, मुलीकडची माणसं आपण. बरं दिसतंय का ते?”

लोकांच्या शेतात दुर्बीण लावून बघणं मात्र बरं दिसतं. ऋतुजा खाली बघून पाव मोडत होती. तिलाही हे तेव्हाच कळलं होतं.

आता क्रूझ. पत्र्याची बोट, वर ताडपत्री, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि आदल्या दिवसाच्या घामाचा वास असलेली लाइफ जॅकेटं. जायचं तर थंडीत, सकाळचं ऊन वर आल्यावर. तेव्हा मगरी काठावर अंग शेकत पडतात. दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी पुरे. त्याहून जोरकस नेली तर हलत्या बोटीत मगरही नाचताना दिसते. पट्टा गळ्यातून काढू नका. आणि दुर्बीण नातेवाइकांना देऊ नका.

मी दिली. मग ती दिनकररावांकडून आप्पांकडे आणि आप्पांकडून दिनकररावांकडे फिरत राहिली.

“वरच्या पट्ट्याला तुरा आलाय बघा, दाजी.”

“पाइपलाइन नवी दिसतीय. पण बांध कुठवर हाय?”

“त्या बाभळीपतोर. लय झ्याक ऊस हाय.”

“डाव्या अंगाला बघा, मगर हाय,” बोटवाला ओरडला. दोघांनी उजवीकडची दुर्बीण हलवली नाही. मागे पुण्याचं एक जोडपं बसलं होतं. दुर्बीणवाले एवढं निरखून बघताहेत म्हटल्यावर त्यांनीही कॅमेरा तिकडेच वळवला आणि उसाचे भरपूर फोटो काढले.

“बाबा, मला द्या,” ऋतुजा म्हणाली.

“तुला काय कळतंय त्यातलं?” रोज चार तालुक्यांची माती तपासणाऱ्या मुलीला हे विचारलं गेलं. मी दिनकररावांच्या गळ्यातून पट्टा काढला आणि दुर्बीण तिच्या हातात दिली.

ती बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, “मोठी आई, मगर.”

उसाखालच्या उतारावर पंपाचा पाइप पाण्यात गेला होता. त्याच्या शेजारी, वाळूवर, जबडा उघडून ती पडली होती. वर काठावर तो मुलगा उभा होता; फोटोतला, आम्हाला बिनदुर्बिणीचाही ओळखू आला. त्याचं कुत्रं खाली निघालं, तसं त्याने गळपट्टा धरून ते मागे ओढलं आणि बाभळीला बांधलं. मग शेजारी उभ्या असलेल्या शेतावरच्या गड्याला हाताने खाली जायची खूण केली. पाइपाच्या तोंडाशी जलपर्णी अडकली होती. गडी मांडीभर पाण्यात उतरला.

बोटवाल्याने भोंगा वाजवला. आम्ही सगळे ओरडलो. मगर आवाज न करता पाण्यात शिरली आणि गडी पाइपाला धरून चारी हातापायांवर वर चढला. त्याला काही झालं नाही.

“वाचला की. झालं,” आप्पा म्हणाले.

“कुत्रं बांधलं त्यानं, बाबा. मग माणूस उतरवला,” ऋतुजा म्हणाली.

“आगं, पाळलेलं असतंय ते. जीव लागतोय,” दिनकरराव म्हणाले. हे त्यांनी मुलाच्या बाजूने सांगितलं.

परतताना भडंग घ्यायला गाडी थांबवली, पण पुडा कुणी फोडला नाही. कराड जवळ आल्यावर दिनकररावांना राहवेना.

“नदीला लागून जमीन हाय, पोरी. अशी परत मिळायची न्हाई.”

“मिळू दे नाहीतर न मिळू दे. तिथं मला कुठं ठेवतील, बाबा? काठावर का पाण्यात?”

दिनकररावांनी काच वर केली. बाहेर धूळ होती, हे खरं आहे.

रविवारचा कार्यक्रम ऋतुजाने स्वतः फोन करून रद्द केला. लग्न ठरलंच नव्हतं, तेव्हा मोडायचा प्रश्न येत नाही, हे भाजीवालीलाही सांगून झालं आहे. मी मगर पाहिली ती एकच, तीही बिनदुर्बिणीची; डावीकडची मला दिसलीच नाही. पैसे वसूल झाले का, असं विचाराल तर बोटीचे झाले नाहीत. दुर्बिणीचे झाले.

काल संध्याकाळी दिनकररावांच्या घरी जाऊन ऋतुजाच्या कायमचं हवाली केलं ते असं: दुर्बीण, तिची काळी पिशवी, गळ्यातला पट्टा, काच पुसायचं फडकं आणि एका बाजूचं झाकण. दुसरं झाकण आप्पांनी नदीत पाडलं. देताना दिनकरराव समोर बसले होते.